मिटलेल्या पात्याची आखणी

घडीचा चाकू आखायचा तर तो आधी मिटलेला आखावा लागतो. शिकाऊ माणूस कागदावर पहिल्यांदा पातं काढतो, तेही उघडं, लांबसडक, ऐटीत पुढे आलेलं. मग त्याला शोभेल अशी मूठ काढतो. आणि मग पातं त्या मुठीत मावत नाही. अणी मुठीच्या मागून डोकावते, किंवा धार आतल्या कमानीवर जाऊन बसते, किंवा पातं मिटतं पण नखाने ओढायला काही वर उरत नाही. खिशातला चाकू दिवसातले साडेतेवीस तास मिटलेला असतो. त्या साडेतेवीस तासांचा विचार आधी आणि अर्ध्या तासाचा नंतर, हा क्रम अंगवळणी पडला की आखणीतलं निम्मं काम झालं असं समजावं.

सांगलीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी असे चाकू करतो. थोडे करतो, आणि होता होईल तो कामकरी माणसांसाठी करतो. घडीचा चाकू म्हटलं की आपल्याकडे हिंदी सिनेमातला गुंड आणि त्याच्या हातातला रामपुरी आठवतो, हा या वस्तूवर मोठा अन्याय आहे. ऑस्ट्रियात हालश्टाटच्या परिसरात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा घडीचा चाकू सापडला आहे. फ्रान्समधल्या सावोआच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा जो साधा चाकू काढला, तो शेतकरी आणि गुराखी वापरू लागले. त्यावरचं पातं जागी धरणारं फिरतं कडं पुढे १९५५ मध्ये आलं. जपानात हिगोनोकामी नावाचा, पत्र्याची मूठ दुमडून केलेला चाकू शाळकरी पोरं पेन्सिलीला टोक काढायला दप्तरात ठेवत. कामाला जाणाऱ्या माणसाला धार सोबत हवी असते, आणि चालताना, बसताना, वाकताना ती त्याला लागता कामा नये. एवढ्या गरजेतून ही वस्तू जन्माला आली. आपला शस्त्र कायदाही हे ओळखतो. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांवर त्याचे निर्बंध आहेत, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी केलेली हत्यारं त्याने वगळली आहेत. माझी पाती तीन इंचांच्या पुढे जात नाहीत.

आखायचं मी वडिलांकडून शिकलो. ते साताऱ्याकडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो, आणि तो नमुना वस्तूपेक्षा मोठा करावा लागतो, कारण बीड थंड होताना आकसतं. फुटाला साधारण एक सूत आकस धरायचा. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पट्टी होती, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा. लहानपणी मला त्या पट्टीचं फार नवल वाटे. आज हातात आहे त्याचं माप न घेता, उद्या जे होणार आहे त्याचं माप घेणारी पट्टी. लाकडावर रेघ मारताना ते पेन्सिल वापरत नसत. चाकूच्या टोकाने मारत. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, म्हणजे कापायचं रेघेच्या अलीकडून की पलीकडून हा प्रश्न उरतो. चाकूची रेघ तो प्रश्न ठेवत नाही. पुढे पटाशी लावली की ती आपोआप त्या रेघेत बसते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत रेघ मारणाऱ्या माणसांचं मोठं देणं आहे. हे दोन जिल्हे तरी वेगळे कुठे होते? १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला, तिथे नांगर झाले आणि पुढे डिझेल इंजिनं. त्याआधी १९१० मध्ये, तेव्हाच्या औंध संस्थानातल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात त्यांच्या डोळ्यांना अडचण होती, म्हणून रंगकाम सुटलं आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तो विषय शिकवला. मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. मला या चरित्रातला तो वळणाचा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. रंग गेले, पण रेघ राहिली. यंत्राच्या रेखाटनात एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा काढतात, आणि तिन्ही चित्रांना एकमेकांशी खरं बोलावं लागतं. घडीच्या चाकूला आणखी एक अट असते. त्याचं प्रत्येक चित्र उघडं आणि मिटलेलं असं दोनदा काढायचं, तेही एकावर एक.

ते कसं, ते सांगतो. मुठीची लांबी शंभर मिलिमीटर धरू. पातं ज्या खिळ्याभोवती फिरणार, तो खिळा मुठीच्या पुढच्या टोकापासून दहा मिलिमीटर आत घेतला. मागे उरले नव्वद. मिटलेल्या पात्याची अणी मुठीच्या मागच्या टोकापर्यंत नेऊन चालत नाही, तिथे पात्याला दाब देणारी पाठीची कमान खिळलेली असते, म्हणून पाच मिलिमीटर सोडले. म्हणजे खिळ्यापासून अणीपर्यंत पंच्याऐंशी. चाकू उघडल्यावर त्यातले पहिले दहा मुठीतच राहतात, बाहेर दिसतात पंचाहत्तर. शंभराच्या मुठीला पंचाहत्तरचं पातं, ही झाली हद्द. जास्त हवं तर मूठ वाढवा. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी हा हिशेब बदलत नाही.

मग पुठ्ठा घ्यायचा. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा मला सर्वांत सोयीचा पडतो, तो पातळही असतो आणि कडकही. मुठीचा आकार, पात्याचा आकार आणि कमानीचा आकार असे तीन तुकडे कापायचे. पाटावर मुठीचा पुठ्ठा ठेवून त्यावर पात्याचा पुठ्ठा, आणि खिळ्याच्या जागी टाचणी. अणीपाशी बारीक भोक पाडून त्यात पेन्सिलीचं टोक अडकवायचं आणि पातं हळूहळू मिटत न्यायचं. पाटावर एक वक्र रेघ उमटते. अणी ज्या वाटेने मुठीत उतरणार ती वाट डोळ्यांनी दिसते. मिटल्यावर अणी मुठीच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर खाली गेली पाहिजे. नाही गेली, तर खिसा फाटेल, किंवा खिशात हात घालणाऱ्याचं बोट. मग टाचणी अर्धा मिलिमीटर खाली सरकवायची आणि पुन्हा फिरवायचं. खिळा एवढासा हलला की अणी कुठल्या कुठे जाते. हे मी कितीही वेळा पाहिलं तरी मला त्यात गोडी वाटते. टाचणी, पुठ्ठा आणि पेन्सिल, आणि समोर एक अख्खं यंत्र चालतंय.

पात्याचं मूळ ही आखणीतली खरी अवघड जागा. मुठीत लपलेला हा भाग बाहेरून कुणाला दिसत नाही, कुणी त्याचं कौतुकही करत नाही. तो जवळजवळ चौकोनी असतो आणि खिळा त्याच्या मधून जातो. पातं उघडं असताना त्या चौकोनाची एक बाजू पाठीच्या कमानीला टेकते, अर्ध्यावर आणलं की दुसरी, आणि मिटलं की तिसरी. या तिन्ही बाजू खिळ्यापासून सारख्या अंतरावर असल्या तरच कमान तिन्ही वेळा एकाच उंचीवर बसते. उघडल्यावर पातं मागे कलंडू नये म्हणून मुळाच्या पाठीवर एक पायरी कोरतात, ती कमानीच्या तोंडाला अडते. आणि धारेच्या बाजूला, मुळापाशी, एक छोटी टाच ठेवतात. पातं मिटताना ती टाच कमानीवर टेकते आणि धार कमानीपासून केसभर वर थांबते. ही टाच नसेल तर दर वेळी चाकू मिटताना धार स्वतःच्याच कमानीवर आपटून बोथट होईल. चांगला चाकू ओळखायचा असेल तर पाठीवरून अंगठा फिरवावा. उघडा, अर्धा, मिटलेला, तिन्ही वेळा पाठ सलग लागली पाहिजे. कुठे कमान वर आलेली किंवा खाली गेलेली लागली, तर त्या कारागिराने मुळाच्या तीनपैकी एका बाजूला कानस जास्त मारली आहे किंवा कमी.

कमानीचा ताण हाही आखणीतच ठरतो. कमान मुठीला दोन ठिकाणी खिळलेली असते, मागे आणि मधे. पुढचं तोंड मोकळं. मधलं भोक रेघेवर बरोबर पाडलं तर कमान नुसती बसते, दाबत नाही. ते जरासं, मिलिमीटरच्या आत, खाली सरकवलं की खिळा ठोकताना कमान मुळावर दाबली जाते आणि पात्याला जोर येतो. किती सरकवायचं हे पोलादाच्या जाडीवर आणि ज्याच्यासाठी चाकू करायचा त्याच्या नखावर ठरतं. म्हाताऱ्या माणसाची नखं पातळ असतात.

खिळ्याभोवती फिरणारं पातं आपल्या घरांना काही नवं नाही. अडकित्ता घरोघर होता. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा सुंदर संग्रह आहे, मोर, घोडे, माणसं अशा आकारांचे पितळी अडकित्ते. मी तिथे गेलो की आकारांपेक्षा खिळे बघत बसतो. ज्याने खिळ्याची डोकी पात्याशी सलग घासली आणि तरी पातं ढिलं पडू दिलं नाही, त्या कारागिराला माझा नमस्कार.

धारेचं काम करणाऱ्या हातांचं पुढे काय होतं, याचं आपल्या भागातलं उत्तर मिरजेत आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारांचं काम ओसरत चाललेलं असताना, मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरा करायला घेतला. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय मिळाला, आणि शिकलगारांच्या घराण्यांतून मिरजेची सतारमेकर मंडळी तयार झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्यांमध्ये भोपळे आणि तारा खूप दिसल्या. मला त्या वेळी जवारी आठवत होती. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा इतका अलगद उतरता घासायचा, की तार त्यावर हलताना हळूच टेकत राहावी आणि सूर भरून यावा. हे माप पट्टीने घेता येत नाही. कानस मारायची, तार छेडायची, पुन्हा कानस. पात्याच्या मुळावर कानस मारताना, कमान टेकवून बघताना, पुन्हा मारताना माझा हात नेमकं हेच करत असतो. तरवारीच्या पात्यावर पिढ्यान्‌पिढ्या फिरलेला हात जवारीवर इतक्या लवकर बसला, त्यात मला काही आश्चर्य वाटत नाही. पृष्ठभागाचा उतार बोटाने वाचायची ती विद्या एकच आहे. सतारमेकर गल्लीतून मी खुंट्यांच्या कामातले उरलेले शिसवीचे तुकडे आणतो. चाकूच्या मुठीला तेवढे पुरतात. शिसवी घामाने फुगत नाही आणि खिळ्यापाशी सहसा चिरत नाही. सांबरशिंगाच्या मुठी आता विसराव्यात, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्या शिंगाला हात लावू नये हेच योग्य.

गेल्या काही वर्षांत माझं सगळ्यात जास्त काम निघालं ते तासगावच्या बाजूने. द्राक्षाचं. तास-ए-गणेश ही जात ज्या तालुक्याच्या नावावरून ओळखली जाते, तिथल्या बागा आता बऱ्याच डॉगरीज खुंटावर आहेत. खारं पाणी आणि पाण्याची ओढ हा खुंट सोसतो, म्हणून आधी तो लावायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर हव्या त्या जातीची काडी भरायची. कलम भरणाऱ्यांच्या टोळ्या बागोबाग फिरतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन डोळ्यांची काडी घेऊन तिला खालून दोन्ही बाजूंनी तासून तीन-चार सेंटिमीटरची पाचर करायची, खुंटाला मधे चीर द्यायची, पाचर चिरेत बसवायची आणि पट्टीने आवळायची. साल आणि लाकूड यांच्या मधला हिरवा थर काडीचा आणि खुंटाचा एकमेकांना भिडला तरच जीव धरतो. पाचरेच्या बाजू सपाट हव्यात. तासताना पातं अर्धा केस जरी हललं, तरी बाजूला पोट येतं, मधे हवा राहते आणि काडी सुकते.

सावळजचे एक तात्या त्यांचा बाजारातला चाकू घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांनी तो उघडला, पातं दोन बोटांत धरलं आणि डावीउजवीकडे हलवून दाखवलं.

“हलतंय बगा, दादा. दिसत न्हाई, पर काडीवर टेकवलं की बोटाला कळतंय.”

“तात्या, दिवसाला किती काड्या होतात?”

“मोजतंय कोण? सकाळी बसलो की उनं चढस्तवर. आन् हात वले असत्यात सारखे. नख सटाकतंय.”

त्यांच्या दोन वाक्यांत माझा आराखडा होता. पातं आडवं हलू नये म्हणून मूळ आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना आतून असलेल्या पितळी पट्ट्या यांच्यातली फट कागदाच्या जाडीच्याही खाली आणायची. ओल्या हाताने उघडावं म्हणून नखाच्या खाचेवर भरवसा न ठेवता मिटलेल्या पात्याची पाठ मुठीच्या कडेवर चार-पाच मिलिमीटर वर ठेवायची आणि मुठीला तिथे दोन्हीकडून खळगा द्यायचा, म्हणजे पातं चिमटीत येतं. कमानीचा ताण बेताचा. पातं साठ मिलिमीटर पुरे, लांब पातं लवतं.

पातं जुन्या कानशीचं केलं, कमान ट्रकच्या पाट्यातून काढलेल्या पट्टीची. भोकं सगळी आधी पाडून घेतली, कारण पाणी दिल्यावर ड्रिल चालत नाही. पातं भट्टीत लाल करून चुंबक लावत राहायचं. पोलाद चुंबकाला ओळख दाखवेनासं झालं, म्हणजे साधारण पावणेआठशे अंश, की त्यानंतर थोडं थांबून तेलात. मग उतरवणं. घासून पांढरं केलेलं पातं हळूहळू तापवलं की त्यावर रंग चढू लागतात, आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ. गव्हाळला पातं काढून घ्यायचं, धार टिकते. कमानीला तिथे थांबवून चालत नाही. ती तपकिरी, मग जांभळी आणि मग मोरपंखी निळी होईपर्यंत न्यायची. निळी झालेली कमान कडकपणा थोडा सोडते आणि वाकून परत यायला शिकते. गव्हाळवर सोडलेली कमान पहिल्याच दिवशी तुटेल. एकाच शेगडीवर, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने, दोन पोलादांचे दोन स्वभाव ठरतात.

कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूने लावतात. दुसरी बाजू रंद्याच्या पात्यासारखी सपाट, ती काडीला टेकवून तासलं की बाजू सपाट येते. या सपाट बाजूमुळे आखणीत एक वेगळीच गोष्ट पुढे येते. दोन्हीकडून घासलेल्या पात्याची धार जाडीच्या मधोमध असते. मिटल्यावर ती दोन पितळी पट्ट्यांच्या मधे, दोघींपासून दूर राहते. एकाच बाजूने घासलेली धार मात्र सपाट बाजूच्या पातळीतच असते. मिटल्यावर ती त्या बाजूच्या पट्टीला जवळजवळ चिकटून उतरते, आणि रोज शंभरदा मिटणारा चाकू रोज शंभरदा आपली धार पितळेवर घासतो. हे समोरून काढलेल्या चित्रात दिसतच नाही. मिटलेला चाकू वरून, फटीच्या बाजूने काढला तरच दिसतं. तात्यांच्या चाकूत मी त्या बाजूची पट्टी आतून, मूळ जिथे टेकतं तेवढी जागा सोडून, किंचित पोखरली. मुळाला घट्ट आधार राहिला आणि धारेला श्वास घेण्यापुरती जागा झाली.

तात्यांचा नातू या वर्षी टोळीत बसणार आहे आणि तो डावखुरा आहे. त्याला आजोबांच्या चाकूने तासता येईना, सपाट बाजू काडीच्या उलट्या अंगाला येते. त्याच्यासाठी मुठीचा पुठ्ठा तोच चालेल, कमान तीच, मुळाच्या तिन्ही बाजूही त्याच. खिळ्यापासून अणीपर्यंतचं अंतर बदलत नाही. धार उलटी लावायची, चिमटीचा खळगा दोन्हीकडे आहेच, आणि पोखरायची पट्टी या वेळी दुसऱ्या अंगाची. समोरचं चित्र जसंच्या तसं ठेवून वरचं चित्र मी नव्याने काढायला घेतलं आहे. मुलगा रविवारी शेडवर येणार आहे. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा चाकू देऊन, एक काडी तासल्यासारखी करायला लावून, अंगठा कुठे टेकतो ते बघायचं आणि मगच पितळ कापायचं.